तापल्या तारेची शिवण

पारदर्शक पानावर आडवी गेलेली ती रेघ जेमतेम दोन मिलिमीटर रुंद आहे, आणि पहिल्या नजरेला ती दिसतही नाही. पान समोर धरलं की दृष्टी तिला ओलांडून थेट आतल्या जिनसांवर जाऊन विसावते. ज्या रेघेमुळे त्या जिनसा आपापल्या जागी स्थिर उभ्या आहेत, ती रेघ मात्र अनुल्लेखित राहते. तिला पाहायचं तर पान किंचित तिरपं करावं, खिडकीतून येणारा उजेड त्याच्यावरून घसरू द्यावा आणि थोडा धीर धरावा. मग ती एकाएकी उजळते: अखंड, सरळ, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एका श्वासात ओढलेली. आज आपल्याला या रेघेपाशीच थोडा वेळ रेंगाळायचं आहे.

हे पान माझ्या आत्याच्या आठवणींच्या वहीतलं. आत्या सोलापूरची, आणि वहीसुद्धा नखशिखान्त सोलापूरची. पान म्हणजे स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळणारं ए-फोर मापाचं शीट प्रोटेक्टर. डाव्या काठाला अकरा भोकांची पट्टी, तीन बाजू बंद, माथा उघडा. दुकानातून येतं तेव्हा त्याच्या पोटात एकच मोठी पोकळी असते. गुणपत्रिका ठेवा, सातबारा ठेवा, विम्याचे कागद ठेवा, त्या पोकळीला सगळे सारखेच. आत्याने तापल्या तारेने आणि तापल्या टोकाने तिची वाटणी केली. माथ्याशी एक आडवा लांब कप्पा, खाली डावीकडे एक उंच अरुंद, त्याच्या शेजारी दोन चिमुकले, आणि तळाशी तीन असमान. कुठलेही दोन कप्पे एका मापाचे नाहीत. आणि प्रत्येक कप्प्याचं माप आतल्या जिनसेला विचारून घेतलं आहे.

अमेरिकेत अशा वह्या सजवण्याचा छंद मोठा. बारा इंची चौरस पानं आणि त्यांत सहा बाय चार किंवा चार बाय तीन इंचांचे तयार कप्पे, ही पद्धत तिकडे बेकी हिगिन्स यांच्या 'प्रोजेक्ट लाइफ'ने घरोघर नेली. आणि तयार मापांत ज्यांच्या आठवणी मावत नाहीत त्यांच्यासाठी 'वी आर मेमरी कीपर्स' या कंपनीने 'फ्यूज' नावाचं, पेनासारखं हातात धरायचं तापतं हत्यार बाजारात आणलं. तयार कप्पा गृहीत धरतो की आठवण म्हणजे छायाचित्र, आणि छायाचित्र म्हणजे ठरीव माप. पण आपल्या आठवणी काही स्टुडिओतून छापून येत नाहीत. त्या कुणाच्या तरी पाकिटात दुमडलेल्या, गादीखाली दडपलेल्या, धाग्याला लोंबणाऱ्या, पुठ्ठ्याच्या, कापडाच्या, दाण्यांच्या असतात, आणि त्यांना सहा बाय चारच्या खोलीत बसवलं की त्या एका कोपऱ्यात घसरून पडतात.

आपल्याकडे ही विद्या मात्र हत्याराच्या कितीतरी आधीपासून घरात होती. मेणबत्ती पेटवायची, करवतीचं जुनं पातं घ्यायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड त्या पात्यावरून दुमडून काठ किंचित बाहेर ठेवायचा, आणि तो काठ ज्योतीच्या कडेकडेने, न थबकता, न थांबता, ओढत न्यायचा. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया आणि पापड पावसाळाभर कुरकुरीत राहायचे ते या एका सफाईदार हालचालीवर. पातं पिशवीला ज्योतीपासून आड ठेवी आणि आगीला फक्त काठापुरती परवानगी देई. पुढे हाताने दाबायची सीलिंग मशीन आली, आणि सोलापुरात तर ती शेंगाचटणीच्या आणि कडक भाकरीच्या दुकानांत गल्ल्याशेजारी जाऊन बसली. पिशवीचं तोंड जबड्यात धरायचं, दांडा दाबायचा, लाल दिवा लागतो, क्षणभराने विझतो. शेंगाचटणी बांधणाऱ्या हाताला एक गोष्ट कुणी न शिकवता कळलेली असते: पिशवीच्या तोंडाशी तेलाचं बोट लागलं तर जोड धरत नाही. आत्याची यंत्रविद्या याच शाळेतली. पानाच्या रुंदीभर जाणाऱ्या लांब शिवणी तिने अशाच मशीनवर घातल्या, आणि मध्येच सुरू होऊन मध्येच थांबणाऱ्या आखूड शिवणींसाठी पोलादी पट्टी आणि तापत्या टोकाचं पेन वापरलं.

आता शिवण पडते त्या क्षणाच्या आत डोकावू या, कारण सगळं सौंदर्य त्या एका क्षणात साठलं आहे. मशीनच्या खालच्या जबड्यात निक्रोमची पट्टी असते. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू, ज्याचं पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाने १९०६ साली घेतलं आणि ज्याच्यामुळे पुढे टोस्टरपासून शेगडीपर्यंत घरातली सारी तापणारी तार शक्य झाली. वीज सोडली की पट्टी क्षणात तापते, तोडली की निवते. पिशवीचं साधं पॉलिइथिलीन ११० अंशांच्या आसपास वितळतं; आत्याच्या पानातलं पॉलिप्रॉपिलीन अधिक मानी, त्याला १६० च्या पुढे न्यावं लागतं. तिथे पोहोचल्यावर दोन थरांमधल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या सैलावतात, सीमा ओलांडून एकमेकींत शिरतात, गुंततात; आणि निवल्यावर त्या गुंत्यात कुठला धागा कुठल्या थराचा हे सांगता येत नाही. इथे डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही. बाहेरून काहीही न आणता दोन थर आपल्याच द्रव्याने एक होतात.

आणि या एकरूपतेला तीन गोष्टी लागतात: ताप, दाब आणि वेळ. ताप कमी पडला तर रेघ पांढुरकी, मळकट दिसते आणि नखाने सोलली जाते. जास्त झाला तर ती आकसते, तिच्या कडेला सुरकुत्या पडतात, कधी थर फाटून सूक्ष्म छिद्रं होतात. या दोहोंमधली नेमकी जागा मशीनवरच्या चकतीवर आकड्यांनी लिहिलेली असते खरी, पण ती हाताला कळावी लागते, तव्यावरची भाकरी केव्हा उलटायची हे जसं घड्याळावरून कळत नाही तसं. मला सर्वांत भावतो तो चौथा, न लिहिलेला भाग: दिवा विझल्यावरही दांडा उचलायचा नसतो. ऊब निघून जाईपर्यंत, दोन-तीन श्वास, दाब तसाच ठेवायचा असतो, कारण वितळलेली शिवण अजून कच्ची असते आणि निवता निवताच ती पक्की होते. आत्याला ते करताना पाहावं. दिव्याकडे तिचं लक्ष नसतं. तळहात दांड्यावर स्थिर असतो.

आता पान पुन्हा उजेडात तिरपं करू आणि लांब शिवणीच्या पृष्ठभागाकडे अगदी जवळून, शक्य तर भिंगातून, पाहू. ती गुळगुळीत नाही. तिच्यावर एक अतिसूक्ष्म जाळी उमटली आहे: उभ्या रेषा, आडव्या रेषा, प्रत्येक छेदावर एक कण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो, कारण ही जाळी म्हणजे विणकामाचा ठसा आहे. प्लॅस्टिक तापल्या पट्टीला चिकटून जाऊ नये म्हणून मशीनमध्ये पट्टीवर टेफ्लॉन चढवलेलं काचतंतूंचं कापड ताणलेलं असतं. ते खरंखुरं विणलेलं कापड आहे, त्यात ताणा आहे, बाणा आहे, आणि प्लॅस्टिक मऊ झालेल्या त्या निमिषात कापडाची वीण शिवणीवर छापली जाते. ज्या जोडाला सुई नाही, दोरा नाही, माग नाही, त्याच्याही अंगावर उभ्या-आडव्याची नक्षी यावी, आणि तीही सोलापुरात! १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी केली, तीच पुढे सगळ्यांच्या तोंडी 'जुनी मिल' झाली; मागोमाग नरसिंगगिरजी आली, लक्ष्मी आणि विष्णू आल्या, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्त्यांत हातमागाचा, मग यंत्रमागाचा खडखडाट दिवसरात्र चालला. त्या शहरात राहणाऱ्या बाईने प्लॅस्टिकच्या पानावर घातलेल्या शिवणीतही वीण सापडावी, हा योगायोग मला फार प्रिय आहे. पेनाच्या टोकाने घातलेल्या आखूड शिवणींवर ती जाळी नाही. त्या सपाट आणि चकचकीत. एका पानावर दोन प्रकारच्या रेघा आहेत आणि बोटाच्या टोकाने डोळे मिटूनही त्यांतला भेद कळतो.

शिवणीकडून कप्प्यांकडे वळू. सर्वांत छोट्या कप्प्यात एक रेल्वेचं तिकीट आहे: जुन्या पद्धतीचं, पुठ्ठ्याचं, साधारण ५७ मिलिमीटर लांब आणि ३१ मिलिमीटर रुंद. हे माप टॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकात बसवलेल्या पद्धतीचं, आणि जगभरच्या रेल्वेने ते स्वीकारलं. आत्याचं तिकीट कुर्डुवाडी ते पंढरपूरचं, अडीच फुटी रुळांवर धावणाऱ्या त्या छोट्या गाडीचं, जिला जिल्ह्यातली जुनी माणसं अजून बार्शी लाइट म्हणतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली ही वाट १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला पोहोचली, पुढे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत गेली, आणि १९५४ साली सरकारच्या ताब्यात आली. आज तिथे ब्रॉडगेज आहे. तिकिटासाठी आत्याने केलेला कप्पा तिकिटापेक्षा चहूबाजूंनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठा, एवढाच, की तिकीट आत जाताना अडत नाही आणि गेल्यावर डुलत नाही. आपण हे मापच चाखून पाहावं. चार इंचांच्या तयार कप्प्यात हे तिकीट हरवलेलं, अनाथ दिसलं असतं. इथे ते आपल्या डब्यात, आपल्या बाकावर, खिडकीशी बसलेलं आहे. अरुंद रुळांवरच्या गाडीच्या तिकिटाला अरुंद कप्पा मिळावा यात मला एक गोड औचित्य दिसतं.

पण चौकस वाचकाच्या मनात प्रश्न आलाच असेल: माथा सोडून तिन्ही बाजू बंद असलेल्या पानात मध्ये आडवी शिवण घातली, तर खालच्या कप्प्यात वस्तू जाणार कुठून? इथे या कलेतली सर्वांत नाजूक जागा येते. शिवण निवल्यावर तिच्या लगेच खाली, केसभर अंतर सोडून, पुढच्या एकाच थरावर धारदार पातं फिरवायचं, आणि मागचा थर वाचावा म्हणून आत पातळ पुठ्ठ्याची पट्टी सरकवून ठेवायची. वरच्या कप्प्याचा तळ आणि खालच्या कप्प्याचं मुख अशा रीतीने शेजारी-शेजारी येतात. एक रेघ तापाने बंद झालेली, दुसरी धारेने उघडलेली. अंतर जास्त सोडलं तर खालच्या कप्प्याच्या माथ्याशी प्लॅस्टिकची पट्टी लोंबते आणि वस्तूवर सावली धरते. कमी सोडलं तर पातं शिवणीलाच लागतं आणि वरची वस्तू खाली उतरते. आत्याच्या पानावर हे अंतर सगळीकडे सारखं आहे. मी ते पुन्हा पुन्हा पाहतो आणि प्रत्येक वेळी तितकाच आनंद होतो. शिवण आधी, चीर नंतर, वस्तू सर्वांत शेवटी, हा क्रमही जपण्यासारखा. कारण त्यामुळे तापाचा आणि वस्तूचा एकमेकांशी कधी संबंधच येत नाही.

तिकिटाच्या शेजारच्या कप्प्यात या क्रमाचं मोल कळतं. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं टपाल तिकीट आहे, भारत सरकारने १९९३ साली काढलेलं, न वापरलेलं, पाठीवरचा डिंक शाबूत असलेलं. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. चीननेही त्याच्या स्मृतीसाठी १९८२ साली तिकिटं काढली. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्याच्यावर चित्रपट केला. सोलापुरातलं त्याचं घर आज स्मारक आहे. एवढ्या विस्ताराचं आयुष्य दोन बोटांच्या रुंदीच्या कागदावर आलं आहे, आणि तो कागद डिंकाने कुठे चिकटवला तर संग्राहकाच्या दृष्टीने त्याचा जीव जातो. इथे तो चिकटलेला नाही, टांगलेला नाही, टोचलेला नाही. चार शिवणींच्या मधल्या निर्वात शांततेत तो नुसता उभा आहे, आणि उद्या कुणाला पाठीवरचा डिंक पाहावासा वाटला तर चिमट्याने अलगद बाहेर येऊ शकतो.

यावरून लॅमिनेशनबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरांतून लग्नपत्रिका, प्रमाणपत्रं, आजोबांचे फोटो यांना लॅमिनेशन करून घेण्याची लाट आली होती. त्यात कागद दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकशी कायमचा एकजीव होतो आणि पुन्हा कधीही मोकळा होत नाही. जगातली मोठी ग्रंथालयं जुन्या कागदांसाठी वेगळी रीत वापरतात: पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक तावांमध्ये कागद ठेवायचा आणि जोड फक्त कागदाच्या बाहेर, कडेने घालायचा. कागद सुरक्षित, पण स्पर्शमुक्त. आत्याने घरच्या टेबलावर, फाइलीच्या पाकिटात, नेमकी हीच रीत अंगीकारली आहे, आणि मला ती निःसंशय श्रेष्ठ वाटते. पाकीट निवडतानाही तिने जुन्या अल्बमांतलं मऊ, वासाचं पीव्हीसी टाळलं. त्यातली तेलकट द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि फोटोच्या पृष्ठभागाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनला असा काही स्वभाव नाही. ते कोरडं आहे, तटस्थ आहे.

डावीकडचा उंच, अरुंद कप्पा गड्ड्याच्या यात्रेचा. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत निघणाऱ्या सात नंदीध्वजांपैकी, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांपैकी, एकाचा फोटो त्यात आहे, आणि तो फोटो आत्याने दोन्ही बाजूंनी कापून निव्वळ काठीच्या उंचीएवढा, उभा, सडपातळ केला आहे. शुभ्र बाराबंदी घातलेला मानकरी तळाशी, त्याच्या कमरेपाशी पेललेली काठी, आणि तिच्यावर चढत चढत आकाशात गेलेली सजावट. रुंद फोटोत हीच काठी गर्दीचा एक भाग झाली असती. इथे दोन उभ्या शिवणी तिच्या दोन्ही अंगांनी वर जातात आणि तिच्या उंचीला साथ देतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक घालत निघालेली ती मिरवणूक, तो तोल, खांद्यांवरचा तो ताण, आणि तोल सांभाळणाऱ्याच्या भोवतीने सगळ्या शहराने रोखून धरलेला श्वास, हे सारं दोन रेघांमधल्या त्या चिंचोळ्या आकाशात मावलं आहे.

माथ्याशी असलेला आडवा कप्पा या सगळ्याच्या नेमका उलट. त्यात वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे, १२ जानेवारीचं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे: १९३० साली सोलापुरात उठाव झाला, मार्शल लॉ पुकारला गेला, आणि त्या उठावाच्या खटल्यात या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. कात्रणात चार चेहरे एका ओळीत आहेत. हाताशी तापलं टोक, शेजारी पोलादी पट्टी. चार चेहऱ्यांचे चार सुबक कप्पे करण्याचा मोह कुणालाही झाला असता. आत्याने तिथे एकही उभी शिवण घातलेली नाही. पानाच्या काठापासून काठापर्यंत तो कप्पा सलग सोडला आहे. अख्ख्या पानात जिथे जिथे रेघ आहे तिथे तिथे आपण तिचं कौतुक केलं; पण तिच्या हाताची खरी जाण मला या न ओढलेल्या तीन रेघांत दिसते. लिंगायत, मारवाडी, मुसलमान आणि मराठा घरांतली ही चार माणसं शहराने एका चौकाच्या नावात एकत्र ठेवली. वहीच्या पानातही ती एकत्रच आहेत. आणि एक व्यावहारिक शहाणपणही त्यात आहे: वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी, तो पिवळा पडत जातो आणि शेजाऱ्यालाही पिवळं करतो. म्हणून कात्रणाला स्वतंत्र मजला, आणि त्याच्या खाली रुंदीभर गेलेली अखंड शिवण, जिच्यातून त्याचा पिवळेपणा खालच्या जिनसांपर्यंत उतरत नाही.

तळाच्या तीन कप्प्यांत दोन मागावरचे आहेत. एकात जकार्डच्या पत्त्याचा तुकडा. लिओंच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली सिद्ध केलेल्या यंत्रात नक्षीचा हुकूम या भोकांच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला असतो. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खाली राहतो, आणि एक पत्ता म्हणजे बाण्याची एक फेक. चादरीवरचं प्रत्येक फूल, प्रत्येक मोर या भोकांतून जन्मतो. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यावर हे पत्ते रद्दीत निघाले, त्यातलाच हा एक. पारदर्शक कप्प्यात ठेवल्यामुळे घडतं ते असं: पान उजेडाकडे धरलं की भोकांतून उजेड आरपार येतो आणि टेबलावर कवडशांची रांग पडते. पुठ्ठ्यावर चिकटवलेला पत्ता हे कधीच करू शकला नसता.

दुसऱ्यात खुद्द चादरीचा तुकडा आहे, कटपीसमधला, एका बाजूला दशा असलेला. सोलापुरी चादर ही महाराष्ट्रातून भौगोलिक निर्देशांक मिळवणाऱ्या अगदी पहिल्या वस्तूंपैकी एक. पण इथे ती मानपत्र घेऊन आलेली नाही, धाग्यांसह आली आहे. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज; तो तापला तर करपतो, वितळत कधी नाही. म्हणून शिवणीच्या वाटेत कापसाचा एक तंतू जरी आला तरी तिथले दोन थर एक होत नाहीत, तेवढ्या जागी बारीकशी फट राहते. दशांचे मोकळे धागे आणि तापली तार ही म्हणूनच कठीण जोडी. आत्याने कप्पा आधी पूर्ण केला, मग तुकडा आत सोडला, आणि दशा मुखातून किंचित बाहेर येऊ दिल्या. त्या बाहेर आहेत म्हणून बोट लावता येतं. प्लॅस्टिकच्या साऱ्या पानावर स्पर्शाला खुली असलेली ती एकमेव जागा, आणि वही पाहणाऱ्या प्रत्येकाचं बोट, मोठ्याचं असो की लेकराचं, न सांगता तिथेच जातं.

तिसरा कप्पा मात्र त्या क्रमाला अपवाद, चहूबाजूंनी बंद आहे. त्यात चिमूटभर ज्वारी आहे, मालदांडी. परदेशी वह्यांत अशा कप्प्यांत टिकल्या आणि चमकी भरतात, पान हलवलं की त्या सळसळतात; आत्याने त्या जागी आपला जोंधळा भरला. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडून काढलेली 'मालदांडी ३५-१' ही जात कितीतरी दशकं रब्बीच्या शेतांवर राज्य करत आली, मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत तर ज्वारी हीच ओळख. दाणे आधी कडक उन्हात वाळवावे लागतात, नाहीतर आत ओल धरते किंवा पोरकिडा होतो. चाळिशी ओलांडणारं सोलापूरचं ऊन त्या कामी हक्काचं. शेवटची शिवण घालताना कप्प्यातली हवा दाबून काढायची नाही, थोडी राखायची, म्हणजे दाणे मोकळे फिरतात. पान उलटताना ते एका बाजूला झरकन धावतात, आणि मोती ओतल्यासारखा नव्हे, अगदी जोंधळ्याचाच, सुपात पाखडताना येतो तसला कोरडा आवाज होतो. वही वाचता वाचता कानाने ऐकायची ही जागा.

आता आवाज झालाच आहे, तर पान उलटून घेऊ, कारण कागदी वहीत जे कधी मिळत नाही ते इथे मिळतं: पारदर्शक पानाला मागची बाजूही असते. इथे पुठ्ठ्याच्या तिकिटाची कोरी पाठ दिसते. कोटणीसांच्या तिकिटाची पाठ डिंकाने किंचित तकाकते. कात्रणामागे त्या दिवशीच्या कुठल्यातरी जाहिरातीचा अर्धा कोपरा आला आहे, आणि फोटोची पाठ पांढरी आहे, तिच्यावर आत्याने बॉलपेनने यात्रेचं साल लिहून ठेवलं आहे. खरी मौज चादरीच्या तुकड्याची. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी नक्षीची. सुलट बाजूला भूमी लाल आणि फूल पांढरं होतं, इथे भूमी पांढरी आणि फूल लाल झालं आहे, रेघन्‌रेघ तीच, रंग तेवढे अदलाबदल केलेले. कुठली बाजू खरी म्हणायची याचा निर्णय आत्याने केलेला नाही. कप्प्यांच्या चिरा पुढच्या थरावर आहेत म्हणून एक बाजू पुढची, एवढंच. तिच्याकडे येणारे पाहुणे बहुधा पांढऱ्या भूमीची बाजूच अधिक वेळ पाहत बसतात.